फुलपात्र

"या दगडावर उजवा पाय ठेवायचा आणि आयुष्यात काय काय चोरलं ते मनातल्या मनात कबूल करायचं," गाईड म्हणाला. "मग चाफा माफ करतो. अशी इथली समजूत आहे."

मालूताई लिमये सगळ्यांच्या आधी पुढे झाल्या. तोल सांभाळत त्यांनी दगडावर पाय ठेवला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात न म्हणता मोठ्यानेच म्हणाल्या, "शेजारच्या जोगळेकरांच्या परसातला कढीपत्ता. बावीस वर्षं."

मंडळातल्या सगळ्या हसल्या. मीही ओठ हलवले.

चैत्र होता. आंबोळशीच्या दर्यामहालाच्या बागेतला तो जुना चाफा पानं गाळून उभा होता, नुसत्या जाड फांद्या आणि टोकाटोकाला पांढरी फुलं. खोडावर चार खिळे ठोकून निळी पत्र्याची पाटी लावली होती. 'चोरणीचा चाफा.' खिळ्यांभोवती चीक वाळून काळा पडला होता. बागेच्या गडग्यापलीकडे समुद्र होता, पण भरती ओसरलेली, त्यामुळे आवाज लांबून येत होता.

"चोरीण कोण पण?" एकीने विचारलं.

"भागी," गाईड म्हणाला. सावंत त्याचं नाव, चाळिशीचा असेल, सांगायची हातोटी चांगली होती. "भागी फुलारीण. राणीसाहेबांच्या देवघरात रोज पहाटे फुलं पोचवायची. बोलायला गोड, वागायला साधी. आणि एक दिवस राणीसाहेबांचं फुलं ठेवायचं चांदीचं भांडं गायब. भांडं काही मिळालं नाही. हाकलून दिली तिला. पण जायच्या आधी तिने ते या चाफ्याखाली पुरलं म्हणतात. किती लोकांनी खणून बघितलं."

"देवाचं भांडं मेलीने," मालूताई म्हणाल्या. "हात झडले असतील."

हात झडले नव्हते. त्या वेळी ते हात लांज्याला माझ्या भावाच्या पडवीत बसून तांदूळ निवडत असणार. भागी फुलारीण म्हणजे भागीरथी रामा गुरव, माझी आई.

मंडळात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सासरीसुद्धा नव्हतं. लग्न ठरताना बाबांनी एवढंच सांगितलं होतं, की आंबोळशीला मन रमेना म्हणून लांज्याला आलो. तीस वर्षं मी त्याच वाक्यावर संसार केला. चिपळूणच्या आमच्या महिला मंडळाने सहल काढायची ठरवली आणि दर्यामहाल आता बघायला खुला झालाय असं कळलं, तेव्हा मी नको म्हणत होते. माझी नणंद शशीवन्सं ऐकेनात. त्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न केलेलं नाही, आमच्याकडेच असतात. "चला हो वहिनी," म्हणाल्या. "रोज एकशे आठ फुलं वाहून देवाला तरी किती बेजार कराल? एक दिवस त्यालाही समुद्र दाखवा."

माझा नेम होता तो. बाळकृष्णाला एकशे आठ फुलं वाहिल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही. दुसरा नेम वाणीचा. कोणाला टाकून बोलायचं नाही. शशीवन्सं नव्या माणसांना माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "आमची वहिनी लाखोली वाहते, पण फक्त फुलांची. शिव्यांची यायचीच नाही तिला." बस पहाटे चारला सुटली म्हणून त्या दिवशी पूजा राहिली होती. बाळकृष्ण डबीत आणि मोगरा ओल्या फडक्यात घेऊन मी निघाले होते. महालाच्या बागेत सावली बघून बसेन, फुलं वाहीन, मग पाणी पिईन, असा माझा हिशेब. घसा तेव्हाच सुकला होता.

"वहिनी, तुम्ही नाही ठेवत पाय?" शशीवन्संनी विचारलं.

"नको," मी म्हटलं.

"आमच्या वहिनींनी काही चोरलेलंच नाहीये," त्या सावंतला म्हणाल्या. सावंत अदबीने हसला. मी मोगऱ्याचं फडकं इतकं घट्ट धरलं होतं, की पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

त्या बागेचा कोपरा न् कोपरा मला माहीत होता. सुरंगीचं झाड कुठे, अनंत कुठे, खालच्या अंगाला तगरीची रांग कुठे. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी आईबरोबर पहाटे यायची. ती वेताची परडी घेऊन पुढे, मी मागे. आम्ही मागच्या दाराने आत जायचो आणि मागच्याच दाराने बाहेर. मी दहा वर्षांची असताना महालावर नवे कारभारी आले. लांबच्या मुलखातले, मराठी तोडकंमोडकं. त्यांच्या हातात कागदांची चळत होती आणि एकेक वस्तू ते तपासून बघत होते. देवघराच्या ओसरीवर त्यांनी आईला विचारलं, "फुलं ठेवायचं चांदीचं भांडं कुठे?"

"फुलं ठेवायला चांदीचं भांडं कधी नव्हतंच साहेब," आई म्हणाली. "ही परडी आहे. वेताची."

"यादीत आहे."

"मग राणीसाहेबांना विचारा. त्यांना ठाऊक आहे सगळं."

राणीसाहेब बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसल्या होत्या. आम्ही थांबलो. पडद्याआडून शब्द आला नाही. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज तेवढा आला, किण् असा. त्या दुपारीच आम्हाला महालामागची आमची खोली सोडायला सांगितली.

"चला, आता आतून महाल बघू," सावंत म्हणाला.

पुढच्या दाराने मी त्या दिवशी पहिल्यांदा आत गेले.

दिवाणखाना झाला, शिकारीची जनावरं झाली, मेणा झाला. बायका प्रत्येक ठिकाणी "अय्या" म्हणत होत्या आणि मी काहीच बघत नव्हते. माझ्या डोक्यात एकच वाक्य घण मारत होतं. हात झडले असतील. मालूताई वाईट बाई नव्हत्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी डिंकाचे लाडू करून दिले होते. त्यांच्या तोंडून ते निघालं म्हणून जास्त लागलं.

जेवणघरात काचेची कपाटं होती. चांदीची ताटं, तांब्ये, पळ्या-पंचपात्री. "राजघराण्याची शिस्त बघा," सावंत सांगत होता. "प्रत्येक भांड्याच्या काठाखाली आकडा कोरलेला आहे. या आकड्यावरूनच यादीत नोंद. हे राणीसाहेबांचं स्वतःचं पाणी प्यायचं भांडं. नोंद एक्केचाळीस. त्या मरेपर्यंत याच्याशिवाय दुसऱ्या कशातून पाणी प्यायल्या नाहीत."

एक नाजूक तांब्या होता आणि त्याच्या तोंडावर उपडं घातलेलं छोटं फुलपात्र. काठाखाली बारीक ४१. मला तहान लागली होती म्हणूनच असेल, मी ते जरा जास्त वेळ बघितलं. मग पुढे गेले.

शेवटची खोली दप्तराची. मोडीतली जुनी पत्रं, शिक्के, आणि मधल्या मेजावर काचेखाली दोन वह्या उघडून ठेवलेल्या. एक मराठी, एक इंग्रजी. "संस्थान विलीन झालं तेव्हा सगळ्या चीजवस्तूंची मराठी यादी इंग्रजीत उतरवून घेतली," सावंत म्हणाला. "आणि हे बघा, हाच तो चोरीचा पुरावा. मुद्दाम तेच पान उघडून ठेवलंय. लोकांना आवडतं."

शशीवन्संनी चष्मा वर सरकवला. इंग्रजी दिसलं की त्यांच्यातली बाई जागी व्हायची. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "फॉर्टी-वन. फ्लॉवर व्हेसल, सिल्व्हर, वन. म्हणजे फुलांचं भांडं, चांदीचं, एक. शेरा, नॉट फाउंड. फ्लॉवर वुमन भागी डिसमिस्ड फॉर थेफ्ट. फुलारीण भागी हिला चोरीबद्दल काढून टाकले." आणि त्यांनी सवयीने बोट मराठी वहीवर नेलं. त्याच ओळीवर. मग त्या हसायला लागल्या. "अगं बाई. वहिनी, हे बघा. कुठल्या गाढवाने हे भाषांतर केलंय? माझ्या सहावीच्या पोरांनी केलं नसतं असं."

मी बघितलं. जाड बोरूचं, वळणदार अक्षर होतं.

४१. फुलपात्र, चांदीचे, नग १.

"फुलपात्र म्हणजे फुलांचं पात्र," शशीवन्सं हसत होत्या. "फ्लॉवर व्हेसल. धन्य आहे."

माझ्या कानात तो आवाज आला. किण्. तांब्याच्या तोंडावर फुलपात्र उपडं ठेवलं की येतो, तो. चाळीस वर्षांपूर्वी पडद्याआड राणीसाहेब पाणी प्यायल्या होत्या आणि फुलपात्र जागेवर ठेवलं होतं, आणि बाहेर माझ्या आईला त्याच फुलपात्रासाठी चोर ठरवत होते.

"वहिनी, बसा तुम्ही. पांढऱ्या पडलात," शशीवन्सं म्हणाल्या. "पाणी तरी घ्या हो, एक दिवस."

"इथले मालक कुठे भेटतील?" मी सावंतला विचारलं.

"सरकार? कचेरीत आहेत. का बरं?"

"मला त्यांना भेटायचंय. आत्ता."

माझा आवाज नेहमीसारखाच होता. तो कधी चढतच नाही. पण शशीवन्सं माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग काहीही न विचारता बरोबर आल्या.

धाकटे सरकार म्हणजे राणीसाहेबांचे नातू. चाळिशीचे, खादीचा झब्बा, बोलणं मऊ. "या ताई, बसा," ते उठून म्हणाले. "उन्हातून आलात. अरे, पाणी आण यांना."

"तुमच्या बागेत एक पाटी आहे," मी म्हटलं.

"चाफ्यावरची ना?" ते हसले. "सगळ्यांना आवडते. फोटो काढतात."

"ती काढून टाका."

"का हो? काही चुकलंय का त्यात?"

"ती भागी माझी आई."

शशीवन्संची खुर्ची कुरकुरली. मी तिकडे बघितलं नाही.

सरकार जरा गडबडले. मग म्हणाले, "असं होय. वाईट वाटलं असेल तुम्हाला, समजू शकतो. पण ताई, जुनी गोष्ट आहे. गंमत म्हणून सांगतात लोक. कोणाच्या मनात काही नसतं हो. आणि खरं सांगू का, नोंद तर आहेच दप्तरात. आम्ही पदरचं काही लावलेलं नाही."

तेवढ्यात म्हाताऱ्या नोकराने पाणी आणलं. तांब्याचा तांब्या, त्यावर उपडं झाकलेलं भांडं. ते त्याने मेजावर ठेवलं. मी ते भांडं उचललं आणि सरकारांच्या समोर धरलं.

"याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"याला? फुलपात्र."

"यात फुलं ठेवता का?"

"फुलं?" ते हसले. "फुलपात्रात फुलं कशी ठेवणार ताई? पाणी प्यायचं..."

तिथेच ते थांबले. हुशार होते. नजर माझ्या हातातल्या भांड्यावरून दाराकडे गेली, दप्तरखान्याच्या दिशेला.

"नोंद एक्केचाळीस," मी म्हटलं. "मराठी वहीत फुलपात्र आहे. इंग्रजीत फुलांचं भांडं झालं. तुमच्या कारभाऱ्यांनी इंग्रजी यादी हातात धरली आणि फुलं आणणाऱ्या बाईला विचारलं. आणि एक्केचाळीस आकडा तुमच्या जेवणघरातल्या कपाटात आहे. जाऊन बघा."

ते खरंच गेले. किल्ल्यांचा आवाज आला. शशीवन्संनी माझ्या दंडाला हात लावला. "वहिनी," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं एका ताटात जेवतोय आपण."

"मागाहून बोला मला काय बोलायचं ते."

"बोलायचं नाहीये मला," त्या म्हणाल्या. पण त्यांना लागलं होतं.

सरकार ते फुलपात्र हातात घेऊन परत आले. पुन्हा पुन्हा काठाखाली बघत होते. "आजी तर रोज याच्यातूनच प्यायची," ते पुटपुटले. "आम्ही लहान असताना हात लावू द्यायची नाही."

"त्या दिवशीही प्यायल्या. मी तिथे होते. आई म्हणाली, राणीसाहेबांना विचारा. त्या बोलल्या नाहीत."

"आजीला कदाचित कळलंच नसेल, नेमकं कुठलं भांडं ते."

"फुलं वेताच्या परडीतून येतात हे त्यांना कळत होतं. बारा वर्षं बघत होत्या. चांदीचं भांडं फुलांना नव्हतं, एवढं एक वाक्य. पडदाही उघडायला नको होता."

मग त्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "तुमच्या आईसाहेब आहेत का अजून? असं करू या ताई. त्यांना इथे घेऊन या. आपण त्यांचा सत्कार करू. साडीचोळी, श्रीफळ. पेपरवालेही येतील. छान होईल."

आणि तिथे माझा वाणीचा नेम मोडला. घाईत मोडला असं मी म्हणणार नाही. मी तो ठरवून मोडला. मांडीवरच्या डबीत बाळकृष्ण होता. आधी ती डबी मी शशीवन्संच्या हातात दिली.

"साडीचोळी तुमच्या आजीच्या फोटोला नेसवा," मी म्हटलं. "चोर तुमच्या घरात होती, सरकार. रोज त्या भांड्यातून पाणी पीत होती. आणि तुम्ही चोरीची पाटी करून त्या झाडाला ठोकलीत, आणि लोकांना त्याच्याखालच्या दगडावर पाय ठेवायला लावता. माझ्या आईच्या अन्नावर लाथ मारली तेव्हा तुम्ही पाळण्यात असाल, त्याचं मी तुम्हाला काही म्हणत नाही. पण पाटी तुमची आहे. मराठी वाचता येतं ना तुम्हाला? दोन्ही वह्या शेजारी शेजारी मांडल्यात तुम्ही. बघायला तोंड उघडायचंही काम नव्हतं."

आवाज तेव्हाही चढला नव्हता. दाराशी उभा असलेला म्हातारा नोकर मात्र मागे सरकला.

"काय करू म्हणता?" सरकार म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. राग होता की लाज, मला ठरवता आलं नाही. मला त्याची गरजही नव्हती.

"पाटी आत्ता काढायची. आणि मला लिहून द्यायचं. मराठीत."

त्यांनी महालाच्या कागदावर लिहिलं. 'नोंद क्र. ४१, चांदीचे फुलपात्र, आमच्याच घरात होते व आहे. भागीरथी रामा गुरव यांनी या महालातून काहीही नेलेले नाही.' मी 'काहीही'च्या पुढे 'कधीही' घालायला लावलं. खाली सही, शिक्का.

"पाणी तरी घ्या," ते म्हणाले.

"तुमच्या फुलपात्रातून नको," मी म्हटलं.

बागेत बायका सावलीला बसून पुऱ्या खात होत्या. शशीवन्सं माझ्याआधी पोचल्या आणि त्यांनी वर्गात सांगतात तसं उभं राहून सगळं सांगितलं. मी सांगितलं नसतं तसं, नीट, क्रमवार. मालूताईंच्या हातातली पुरी हातातच राहिली.

सावंत पकड शोधायला गेला तो येईचना. मी पाटीला हात घातला. पत्रा धारदार होता आणि खिळे गंजून खोडात रुतले होते. तेव्हा मालूताई उठल्या, बसकडे गेल्या आणि ड्रायव्हरचा चाकं खोलायचा पाना घेऊन आल्या. त्यांनी पाना पाटीच्या मागे घातला आणि सगळं वजन टाकलं. दोन खिळे निघाले. मग दुसऱ्या बाजूने. पाटी खाली पडली आणि चारही भोकांतून पांढरा चीक वाहायला लागला.

"मी बोलले ते," मालूताई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "ते हात झडण्याचं."

"ऐकलं मी," मी म्हटलं.

त्यांना आणखी काहीतरी हवं होतं माझ्याकडून. ते मी त्या दिवशी दिलं नाही.

परतताना बस लांज्यावरून जाते. मी स्टँडवर उतरले. शशीवन्सं डबी माझ्या हातात देत म्हणाल्या, "उद्या या सावकाश. दादाला मी सांगते." आणि मग खिडकीतून, "आईंना माझा नमस्कार सांगा."

स्टँडवर अबोलीचे वळेसर विकायला होते. मी एक घेतला.

तुम्हाला इथे एक सांगायला हवं. माझी आई, जिने आयुष्यभर फुलं हाताळली, ती फूल माळत नसे. आंबोळशी सुटल्यापासून नाही. बाबा विचारायचे, ती म्हणायची, माझं व्रत आहे. महालाने लावलेला डाग पुसला जाईपर्यंत असेल, असं आम्ही धरून चाललो. पुढे बाबा गेले, आणि विधवा बाईने फूल माळायचा प्रश्नच उरला नाही. तिचं व्रत कोणाला दिसेनासं झालं. मला मात्र दिसायचं. माझी एकशे आठ फुलं मी सुरू केली ती त्यासाठीच. देवाकडे मी एवढंच मागत होते, की आईला एकदा फूल माळता यावं.

दिवेलागणीची वेळ होती. ती पडवीत बसली होती, भावजय आत स्वयंपाकाला लागलेली. सत्तरी ओलांडली होती आईने, पण नजर तीक्ष्ण होती.

"तोंड का असं? उपाशी आहेस?" तिने विचारलं.

मी तिच्या पायाशी बसले आणि कागद वाचून दाखवला. मग सगळं सांगितलं. यादी, इंग्रजी, एक्केचाळीस आकडा, पाटी, मालूताईंचा पाना. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "फुलपात्र?"

"हो."

"पाणी प्यायचं?"

"हो आई."

ती अंगणाकडे बघत राहिली. "त्या राणीला रोज दुर्वा निवडून द्यायचे मी," ती म्हणाली. "एकवीस जुड्या. बोटं चिरायची थंडीत." मग एक अशी शिवी दिली, जी मी तिच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती आणि इथे लिहिणार नाही. आतून भावजयीने डोकं काढून बघितलं आणि परत आत गेली.

मी पिशवीतून वळेसर काढला. "आता माळ," मी म्हटलं. "लोक काय म्हणतात ते मी बघते. तुझं व्रत पुरं झालं."

मी हात तिच्या केसांकडे नेला. तिने मनगट धरलं. चाफ्याचा चीक माझ्या बोटांवर अजून चिकट होता.

"कसलं व्रत पुरं झालं?"

"डाग गेला ना. महालाने..."

"महालाने हाकललं त्या दिवशी सुरंगीचा गजरा होता माझ्या डोक्यात," आई म्हणाली. "तो घालूनच गाव सोडलं मी. मुद्दाम. सगळ्या बाजारातून चालत गेले. लांज्याला आल्यावरही रोज माळत होते. तुला आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं.

"महिना झाला असेल. तू शाळेतून आलीस. पोरं चिडवत होती तुला. मी चुलीपाशी होते. तू दप्तर टाकलंस, माझ्याजवळ येऊन बसलीस आणि हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये असं, माझ्या कानात विचारलंस."

आणि मला आठवलं. चुलीचा धूर, आईच्या डोक्यातल्या अबोलीचा माझ्या गालाला झालेला स्पर्श. मी विचारलं होतं ते रागाने नव्हतं. तिच्या बाजूने होते मी. तिचं गुपित राखायला तयार होते.

'आई, ते भांडं कुठे ठेवलंयस?'

"चाळीस वर्षं," आई म्हणाली. "राणीचा राग केव्हाच मेला माझा. ती परकी. तू विचारलंस तेव्हा काढला मी वळेसर आणि चुलीत टाकला. तुझ्यावरचा राग गेलेला नाही अजून. सांगून ठेवते."

"मी दहा वर्षांची होते गं."

"माहीत आहे मला. मी आई होते."

घसा पार सुकला होता. तिने शेजारचा तांब्या ओढला, त्यावरचं स्टीलचं फुलपात्र उचलून भरलं आणि माझ्यासमोर ठेवलं. माझी फुलं वाहायची राहिली होती. मी ते पाणी एका दमात प्यायले.

"आता विचार," आई म्हणाली.

"काय?"

"तेच. परत विचार. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही."

मी तिच्या कानाशी वाकले. "आई," मी म्हटलं, "ते भांडं कुठे ठेवलंयस?"

"घेतलंच नव्हतं मी," ती मोठ्याने म्हणाली. स्वयंपाकघरात ऐकू जाईल, रस्त्यावर ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने. "ठेवणार कुठे?"

मग तिने माझं मनगट सोडलं आणि मान खाली केली. केस फार विरळ झाले होते, वळेसर ठरेना. मी तो हाताने धरून बसले.